हापूसचे कलम आणि क्लोनिंग: एक खुलासा

देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे: ‘क्लोनिंग म्हणजे प्राण्याचे हापूस कलम, अंडपेशी नुसते टरफल, सगळे काम केंद्रकाचे.’ उपमा सुबक आहे, पण नेमकी मुद्द्यावर फसते.

कोय कलम बांधताना रायवळ रोपाच्या खुंटावर हापूसची काडी बसवतात. खुंट तिला पाणी आणि अन्न पुरवतो, मात्र काडी हापूसचीच राहते. क्लोनिंगमध्ये, म्हणजे एका प्राण्याच्या पेशीपासून त्याची जनुकीय प्रतिकृती घडवताना, याउलट घडते. अंडपेशीचे स्वतःचे केंद्रक (डीएनए असलेला गाभा) काढून तिथे कातडीच्या किंवा कासेच्या पेशीचे केंद्रक ठेवले, की अंडपेशीतील प्रथिने त्या केंद्रकात शिरतात, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी काही बदलतात आणि डीएनएवरील मिथाइल खुणा (जनुके बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) बऱ्याच अंशी पुसतात. त्यामुळे ‘मी कासेची पेशी’ ही ओळख मिटून भ्रूणावस्थेतील बंद पडलेली जनुके पुन्हा उघडतात. डीएनएतील अक्षरक्रम तेवढा तोच राहतो. जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकांवरील प्रयोगांतून अंडपेशीची हीच क्षमता दाखवली होती.

हे पुसणे अनेकदा अर्धवट राहते, म्हणूनच १९९६ मध्ये क्लोन केलेली डॉली मेंढी जन्मली ती अंडपेशी आणि कासेची पेशी यांच्या २७७ जोडण्यांपैकी एकातून. शिवाय मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, केंद्रकाबाहेरील घटकांचा) डीएनए मुख्यतः अंडपेशीकडूनच येतो. टरफलाकडून एवढी अपेक्षा कोणी करत नाही.