शेवटची बोट पाचलाच का सुटते, याबद्दल आमचे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण कुटुंबासह उद्यानात आलात आणि मुलांना बोटीत न बसताच हिरमुसून परतावे लागले, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. मात्र ‘पैसे घेऊन ऐनवेळी बोट बंद केली, कर्मचारी उद्धट आहेत, नुसती लूट आहे’ असे लिहून आपण एकच तारा दिला आहे, त्यामुळे वेळेच्या मुद्द्यावर खुलासा करणे आम्हाला भाग आहे.

येथील बॅडमिंटन कोर्ट आणि पायडल बोटी आम्ही ठेक्याने चालवतो. आपण दोन्हींचे एकत्रित तिकीट चार वाजता घेतलेत. शेवटची बोट पाचला सुटते, हे तिकिटावर छापलेले आहे आणि खिडकीवरही आपल्याला सांगितले होते. कोर्टावर आपला खेळ रंगला होता, पुढे कोणाची नोंदणी नव्हती, म्हणून आम्ही आपल्याला उठवले नाही आणि जादा पैसेही मागितले नाहीत. आपण धक्क्यावर आलात तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. बोटीचे पैसे आम्ही तिथेच परत देऊ केले. ‘पैसे नकोत, बोट सोडा’ असे आपण म्हणालात. अभिप्रायात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, हे मनाला फार लागले.

पाचची वेळ आमच्या सोयीसाठी ठरवलेली नाही. फेरी अर्ध्या तासाची असते, आणि डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी प्रत्येक बोट धक्क्याला लागून लाइफ जॅकेट मोजून घ्यावी लागतात. शिवाय याच वेळी तळ्यातल्या बेटावरच्या बाभळींवर पाणकावळे आणि गायबगळे मुक्कामाला उतरत असतात, तर दिवसभर मान खांद्यात घालून बसलेले रातबगळे बाहेर पडू लागतात. पायडलचा खडखडाट बाभळींखाली पोहोचला की सगळा थवा एकदम उठतो आणि उरल्यासुरल्या उजेडात जागा शोधत घिरट्या घालत राहतो. १९८६ साली अभयारण्य घोषित झालेले आणि राज्यातील पहिले रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेले नांदूरमध्यमेश्वर आपल्याच जिल्ह्यात आहे, परंतु निफाड तालुक्यापर्यंत जाणे ज्यांना जमत नाही, अशी कितीतरी शाळकरी मुले चक्रवाक आणि थापट्या बदके पहिल्यांदा याच तळ्यावर पाहतात.

उद्धटपणाविषयी एवढेच, की धक्क्यावरच्या आमच्या काकांनी आपल्याला बदकांना चिवडा टाकू नका, असे दोनदा हात जोडून आणि तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितले. नाशिकच्या चिवड्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण तेलामिठाचे खाणे पाखरांना बाधते, उरलेले पाण्यात कुजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे दगावतात. काकांचा आवाज चढायला नको होता, तसे त्यांना सांगितले आहे.

पावसाळ्यात बोटी बंद असतात. दिवाळीपासून पुढच्या काही महिन्यांच्या कमाईवर येथील सर्वांची घरे वर्षभर चालतात, आणि हल्ली लोक तारे पाहूनच यायचे की नाही ते ठरवतात. म्हणून हे उत्तर लांबले. वेळेची सूचना फाटकावरही मोठ्या अक्षरांत लावून घेऊ, आपल्या इतर सूचनांचाही यथावकाश विचार करू.

बोटीचे आपले पैसे खिडकीवर वेगळे काढून ठेवले आहेत. ते केव्हाही घेऊन जावेत, किंवा साडेचारच्या आत मुलांना घेऊन यावे. त्याच पैशांत त्यांची फेरी होईल.