मोहरीच्या तेलाने काळी बुरशी जात नाही

माझ्या आत्याला मधुमेह आहे. परवा तिचा एका बाजूचा गाल दुखायला लागला, तर डॉक्टरकडे जायच्या आधी तिनं नाकात मोहरीचं तेल सोडलं. कारण २०२१ पासून फिरणारा तो मेसेज: फ्रिजमधल्या कांद्यावरच्या काळ्या थरामुळे काळी बुरशी होते, ती एकाची दुसऱ्याला लागते, आणि तुरटी, हळद, सैंधव मोहरीच्या तेलात कालवून लावलं की एका दिवसात बरी होते.

कांद्याचं आधी उरकते. त्यावरची काळी पूड बहुधा ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीची असते. म्युकरमायकोसिसची, म्हणजे ज्या आजाराला आपण काळी बुरशी म्हणतो त्याची, बुरशी वेगळी. तीही मातीत, कुजक्या फळांत असते, त्यामुळे बुरशी आलेलं अन्न टाकून द्या, एवढं मान्य. माणसाकडून माणसाला मात्र ती लागत नाही. रुग्णाचं ताट वेगळं करू नका.

आता तो लेप. माझा राग त्याच्यावर आहे. ही बुरशी म्हणजे कातडीवरचा नायटा नव्हे. साखर फार वाढलेली असली किंवा स्टिरॉइड चालू असली की ती सायनसमधून, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधून, आत शिरते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरते. तिथे गुठळी होते, पुढचं रक्त थांबतं, मांस मरून काळं पडतं. डोळ्यामागच्या शिरांत, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीतसुद्धा अशी गुठळी होते. मग दृष्टी जाते, अर्धांगवायू होतो. रक्तच पोचत नाही तिथे शिरेतून दिलेलं ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषधही नीट पोचत नाही, म्हणून सर्जनला मेलेला भाग काढावा लागतो, कधी जबड्याचं हाड, कधी अख्खा डोळा. नाकात सोडलेलं तेल तिथवर जाणार कसं? हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत काही बुरशींची वाढ रोखतं, खरं आहे. पण तिथे ते थेट बुरशीवर घातलेलं असतं.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात भारतातल्या १६ रुग्णालयांनी मिळून २८७ रुग्णांचा अभ्यास केला. सर्वांत जास्त आढळलेला मूळ आजार होता आटोक्यात नसलेला मधुमेह. बारा आठवड्यांत ४५.७ टक्के रुग्ण दगावले, तेही रुग्णालयात पोचून. अशा आजारात लेप लावून वाट बघायला सांगता?

एका बाजूचा चेहरा दुखतोय, बधिर झालाय, नाकातून काळपट स्राव येतोय, दात हलतोय, एकाचे दोन दिसताहेत, यातलं काहीही मधुमेह असलेल्या माणसाला झालं तर साखर तपासा आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्या.