प्रतिष्ठित नागरिकांसाठी: अटकेनंतरचे पहिले चोवीस तास

आरोपी धरला गेल्याची बातमी ठाण्याच्या डायरीत चढायच्या आधी आपल्या गल्लीच्या ग्रुपवर येते. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे वाट बघू नका. फिर्याद कुणाची, कलम कुठलं, धरलेला तोच की त्याच्या नावाचा दुसरा, असल्या चौकशा करत बसलात तर तेवढ्यात शेजारचा ‘याला भर चौकात’ असा सुरू होणारा मेसेज टाकून मोकळा होतो आणि तुमच्या वाट्याला नुसता अंगठा दाखवायचं काम उरतं. ‘संशयित’ हा शब्द तर वापरूच नका. तो वकिलांचा आणि घाबरट उपसंपादकांचा शब्द आहे. ‘नराधम’ टायपायलाही सोपा, ‘नरा’ टाकलं की पुढचं फोन आपणहून सुचवतो. (फोनला एवढा सराव कुणी दिला, ते विचारू नका.)

दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘आरोपीने पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली दिली.’ इथे एखादा शहाणा हमखास आडवा येतो. म्हणतो, पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. चालत नाही, हे खरंच. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 तेच सांगत होतं, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या अधिनियमातही ते कलम 23 म्हणून तसंच येऊन बसलंय. शिवाय घटनेचं कलम 20 म्हणतं की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. त्या शहाण्याला उलट विचारा: मग त्याने कबूल का केलं? बंद खोलीत माणूस कशाने बोलतो, हे इंग्रजाला दीडशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं आणि स्वतःच्याच पोलिसांवर त्याचा भरवसा नव्हता. आपला आहे. आपण स्वतंत्र आहोत.

नंतर धिंड. आरोपीला ‘तपासासाठी’ त्याच्याच पेठेतून चालवत नेतात तेव्हा रस्त्यावर गर्दी करू नका, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जागा धरा. वरून चेहरा नीट येत नाही, पण हात जोडलेले छान येतात, आणि व्हिडिओला नंतर गाणं लावायचंच असतं. बेड्या घालणं हा नियम नव्हे, अपवाद आहे, त्यालाही कारण नोंदवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ठरावीक गंभीर गुन्ह्यांत बेडीला मोकळीक दिली. धिंडीला कुठल्याच कायद्यात कलम नाही, त्यामुळे कलमाचा भंग झाला असं तरी कोण म्हणणार! तो लंगडत का चालतोय, एवढं मात्र व्हिडिओ बघताना मोठ्याने विचारू नका. घरात लहान पोरं असतात.

आता वकील. आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे, हे घटनेच्या कलम 22 मध्येच लिहून ठेवल्यामुळे आपली मोठी अडचण झाली आहे. गावोगावच्या वकील संघटनांनी यावर अमक्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा ठराव करायची युक्ती काढली होती. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे ठराव बेकायदा ठरवून तीही घालवली. वर, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता फुकट वकील द्यायचा, असं 1987 चा विधी सेवा कायदा म्हणतो. तेव्हा उरतं एकच. लग्नात भेटलेल्या वकिलाला बाजूला घेऊन, मठ्ठ्याचा ग्लास हातात ठेवून, आपुलकीने म्हणायचं: ‘तुम्हाला झोप कशी हो लागते?’ हा प्रश्न सर्जनला कुणी विचारत नाही, विमा एजंटालाही नाही.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, नोटीस देऊन बोलवा, असं 2014 च्या अर्नेश कुमार निकालात आलं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ सोपा आहे: नोटीस दिली म्हणजे पैसे खाल्ले. जामीन झाला म्हणजे सुटला. साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही म्हणून जामीन मिळाला, तर ‘तांत्रिक मुद्द्यावर’ सुटला. दिवस मोजणं ही तांत्रिक बाब आहे; आत बसलेला तेच दिवस भिंतीवर मोजतो, पण त्याचं सोडा.

खरं तर या सगळ्या कटकटीचा बंदोबस्त आपल्या सोलापुरात एकदा झाला होता. 1871 मध्ये, म्हणजे त्या पुरावा कायद्याच्या बरोबर एक वर्ष आधी, त्याच इंग्रजाने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे इथे त्या जमातींना ठेवायला सेटलमेंट उभी राहिली. तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला पास. दिवसा गिरणीत राबायचं, संध्याकाळी परत कुंपणात मोजून घ्यायचं. गुन्हा अजून घडलेला नाही, पण आरोपी तयार, पत्ता ठाऊक, हजेरीपटावर नाव. तपासाचा खर्च शून्य. पाळण्यातलं पोरसुद्धा जमातीचं म्हणून नोंदलेलं. निर्दोष असल्याचं गृहीतक वगैरे भानगड नाही, कारण गृहीत धरायला काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला आणि आपल्या हातून एवढी सुटसुटीत व्यवस्था गेली. अगदीच गेली असं नाही म्हणा. चोरी झाली की जीप आधी कुठल्या वस्तीकडे वळते, हे रिक्षावाल्याला विचारलं तरी तो सांगतो.

या सवयीचा एक नमुना लांबचा नाही, आपल्याच राज्यातला आहे. 2003 मध्ये जालना जिल्ह्यात भोकरदन भागात दरोडा, खून आणि बलात्काराची भयानक घटना घडली. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेतून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता, हे तेव्हा बाहेर आलं. सोळा वर्षं आत. सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे वर्षाला एकतीस हजार आणि काही चिल्लर. तुम्ही ग्रुपवर ‘ताबडतोब फाशी द्या’ लिहिता तेव्हा या रकमेचीही बचत सुचवत असता, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. नम्रपणामुळे आपली चांगली कामं आपल्याला दिसत नाहीत.

एक गोष्ट मात्र खटकते आणि तिचा निकाल तुम्हीच लावावा. दरवर्षी 12 जानेवारीला आपण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे 1930 मध्ये शहरात मार्शल लॉ लागला, पोलिसांना ठार मारल्याच्या आरोपावरून या चौघांवर खटला चालला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. आता आपल्या नियमाने बघा. पोलिसांनी धरलेले, कोर्टाने दोषी ठरवलेले, शिक्षा अमलात आलेले. ‘पोलीस उगीच कुणाला धरत नाहीत’ हे आपलं वाक्य 13 जानेवारीपासून वर्षभर चालतं आणि नेमकं त्या एका दिवशी बंद पडतं. सातत्य हवं असेल तर हार तरी थांबवा. नाहीतर ते वाक्य. दोन्ही चालू ठेवायचं असेल, तर मी चालू ठेवतो तसं ठेवा: हार सकाळी, वाक्य दुपारच्या जेवणानंतर.

आणि आता मुख्य मुद्दा, चोवीस तासांचा. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, प्रवासाचा वेळ वगळून, असं कलम 22 सांगतं. 15 सप्टेंबर 1949 ला डॉ. आंबेडकरांनी हे कलम घटना समितीपुढे आणलं. माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायला आधीच्या कलमात ‘कायद्याने ठरवलेली पद्धत’ एवढंच उरलं होतं, म्हणजे उद्या सरकारने पद्धतच वाईट ठरवली तर आरोपीला कोण वाली? त्याची भरपाई म्हणून हे. हे चोवीस तास कसे वापरायचे, याबद्दल मी अधिकाराने सांगू शकतो, कारण मी स्वतः एकदा ते वाढवून दिले आहेत.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ठाण्यापासून पन्नास पावलांवर. कुठलं ठाणं ते सांगत नाही, धंदा करायचाय. अटकेचे कोरे फॉर्म माझ्याकडेच निघतात, गठ्ठ्याने. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, असं होत होत ‘अटकेची कारणे’ या ओळीतलं ‘कारणे’ पार उडालंय. नुसतं ‘अटकेची’ राहिलंय आणि पुढे मोकळी जागा. मी एकदा म्हटलं, साहेब, नवीन मूळ प्रत द्या. म्हणाले, चालतंय की, कोण वाचायलाय.

त्या रात्री शटर ओढत होतो तेवढ्यात हवालदार आले. ‘मालक, दोन मिनटं या की. सही पायजे.’

‘कशावर?’

‘अटकेवर. घरचा नायतर भागातला प्रतिष्ठित माणूस लागतोय साक्षीला.’

डी. के. बसू खटल्याचा डिसेंबर 1996 चा नियम आहे हा, आता कायद्यातच आलाय: अटकेच्या कागदावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही, आणि अटकेची वेळ. पंचावन्न वर्षांत मला प्रतिष्ठित कुणी म्हटलं नव्हतं. बायकोनेही नाही. मी शर्ट खोचला.

आत बाकावर पोरगं बसलेलं. एकोणीस-वीसचं असेल. चादरीच्या कारखान्यातून उचललेलं, कारण केसांत आणि भुवयांवर कापसाचा भुसा तसाच होता, दिवसभर कुणी तोंड धुऊ दिलेलं नसणार. टेबलावर फॉर्म. वेळेच्या रकान्यात निळ्या शाईत 22:40. भिंतीवरचं घड्याळही साधारण तेच दाखवत होतं, म्हणजे कागद बरोबर होता. फक्त सकाळी आठला शटर वर करताना याच पोराला मी जीपमधून उतरताना पाहिलं होतं.

‘सकाळी आणलं होतं ना याला?’ मी विचारलं. प्रतिष्ठा नवीन होती, अजून अंगवळणी पडली नव्हती.

‘चौकशीला आणलं होतं, मालक. अटक आत्ता.’

जवळजवळ पावणेपंधरा तास हा पोरगा नुसता पाहुणा होता. चहा आला. मी सही केली. ‘वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे’ हे वाक्य आधीच छापलेलं असतं, त्यामुळे वाचून दाखवायचा त्रास नसतो. तुम्हाला कधी बोलावणं आलं तर हाच क्रम ठेवा: आधी चहा, मग सही. उलटं केलं तर चहा येत नाही.

घरचं माणूस नव्हतं असं नाही. त्याची आई फाटकाशी उभी होती. विड्या वळणारी बाई, तेलुगू बोलणारी, मराठी अडखळत. रडणाऱ्या माणसाची सही वाकडी येते म्हणून तिला आत घेतलं नसेल. आता नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय, की अटकेची कारणं लेखी द्या आणि ज्याला धरलं त्याला कळणाऱ्या भाषेत द्या. सोलापुरात म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. माझ्या धंद्याला बरंच. आधी ‘कारणे’ हा शब्द तरी मशीनमधून उमटू दे.

मी बाहेर पडलो तशी ती पुढे आली. ‘मालक, पोराला किती वाजता धरलेत? वकीलसाब टायम इचारलालेत.’

मी मागे ठाण्याकडे पाहिलं. मग सांगितलं, ‘रात्री दहा चाळीस.’

‘सकाळी नाही?’

‘कागदावर दहा चाळीस आहे, बाई.’

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, फुकट वकिलाच्या अर्जाला आधार कार्डाच्या प्रती हव्या होत्या. दोन प्रती, चार रुपये. मी घेतले नाहीत. आपण काही अगदीच हे नाही.