शानांची लिपी कुशिंग यांनी दिली काय?

ब्रह्मदेशातील मिशनरी कार्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे केला जातो. त्याचा आशय असा : अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जोसाया नेल्सन कुशिंग यांनी पूर्व ब्रह्मदेशातल्या निरक्षर शान लोकांना लिपी दिली, तिच्या जोरावर त्यांना ख्रिस्ती केले, आणि हे सारे इंग्रज सरकारच्या इशाऱ्यावरून घडले. यातील पहिली दोन विधाने साफ चुकीची आहेत. तिसरे मात्र तितक्या झटकन निकालात काढता येत नाही.

प्रथम लिपीविषयी. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४० साली जन्मलेले कुशिंग १८६७ मध्ये ब्रह्मदेशात आले, तेव्हा शान भाषा कित्येक शतके लिहिली जात होती. त्यांची गोलाकार वळणाची लिपी ब्रह्मदेशी (बर्मी) लिपीच्या कुळातली. घडीच्या कागदी पोथ्यांतून तिच्यात बौद्ध धर्मविषयक दीर्घ काव्ये उतरवली जात आणि जाणकार वाचक ती उपासकांसमोर चालीवर म्हणत. शानांचेच भाऊबंद असलेले आसामचे आहोम आपल्या लिपीत बुरंजी, म्हणजे इतिहासाच्या बखरी, लिहीत होते, हे लक्षात घेतले तरी ‘निरक्षर’ हा शब्द किती पोकळ आहे ते कळते. कुशिंग यांचे व्याकरण १८७१ मध्ये आणि शान-इंग्रजी कोश १८८१ मध्ये रंगूनला छापला गेला, तो याच लिपीत. त्या लिपीत स्वरांचे आणि सुरांचे, म्हणजे अर्थ बदलणाऱ्या उच्चारातील चढउतारांचे, सगळे भेद दिसत नसत. ही उणीव दूर करणारी सुधारणा विसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे कुशिंग यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी झाली. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठीचा कोश काढला म्हणून त्याने आपल्याला लिपी दिली, असे आपण म्हणत नाही.

ही गफलत कोठून आली असावी याचा अंदाज करता येतो. शेजारच्या काचिन लोकांच्या जिंगपॉ भाषेला रोमन लिपी खरोखरच एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने, ओला हॅन्सन यांनी, १८९० च्या दशकात बसवून दिली. त्यांचे श्रेय कुशिंग यांच्या नावावर चढले असावे.

धर्मांतराचे विधान थोडक्यात आटोपता येईल. कुशिंग यांनी बायबलचे शान भाषांतर पूर्ण केले, तरीही शान बहुसंख्येने थेरवादी बौद्धच राहिले आणि आजही आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी शान प्रदेशाच्या पूर्व भागातील केंगतुंगच्या मिशनला मोठ्या संख्येने अनुयायी मिळाले ते मुख्यतः लाहू आणि वा या डोंगरी जमातींतून.

आता इंग्रजांच्या इशाऱ्याविषयी. कुशिंग अमेरिकन होते आणि अमेरिकन मिशनचे होते. त्यांचे व्याकरण निघाले तेव्हा शान संस्थाने मंडालेच्या राजाची मांडलिक होती, आपापल्या सावफांच्या, म्हणजे वंशपरंपरागत शान संस्थानिकांच्या, कारभाराखाली; इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश खालसा केला तो १ जानेवारी १८८६ रोजी. म्हणजे भाषेचे काम सरकारी आदेशावरून सुरू झाले, असे म्हणायला आधार उरत नाही. मात्र कुशिंग यांचे कैवारी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. ब्रह्मदेशातून चीनच्या नैर्ऋत्य भागापर्यंत रेल्वे नेण्यासाठी मार्ग शोधायला हॉल्ट हॅलेट हा इंग्रज अभियंता १८८४ मध्ये मौलमीनहून आजच्या थायलंडमधील चियांग मईकडे निघाला, तेव्हा दुभाषा म्हणून त्याच्यासोबत कुशिंग होते. ब्रिटिश व्यापाराला नवी बाजारपेठ मिळावी, हाच त्या मोहिमेचा उघड हेतू होता. एवढ्यावरून त्यांना हेर म्हणणे मला पटत नाही, पण त्यांची विद्या साम्राज्यापासून अलिप्त राहिली असे म्हणणेही तितकेच खोटे ठरेल. पुढे शान प्रदेशात नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांपुढे भाषा शिकण्यासाठी कुशिंग यांचेच व्याकरण आणि त्यांचाच कोश तयार होता.

१९०५ मध्ये, रंगूनच्या बॅप्टिस्ट कॉलेजचे प्राचार्य असतानाच, अमेरिकेतील सेंट लुई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १९१४ मध्ये निघाली, आणि तीही शानांच्याच जुन्या लिपीत.