कॅप्चर कार्डाला चुकूनही ओळख विचारू नका

लिनक्सवर यूएसबी व्हिडिओ कॅप्चर उपकरण बसवायचं ठरवलंत, अभिनंदन. जुन्या व्हीएचएस कॅसेटी संगणकात उतरवून ठेवण्याचा विचार नेक आहे, पण तो झटपट तडीस गेला तर सुट्टीचे दिवस अंगावर येतील. ते टाळायचं असेल तर पुढचा सल्ला मनोभावे पाळा.

उपकरण जोडलं रे जोडलं की ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत सुटायचं. मध्ये थांबून 'एलएसयूएसबी' ही यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड द्यायची नाही. ती दिली की उपकरण चार-चार चिन्हांच्या दोन तुकड्यांत स्वतःची ओळख सांगून मोकळं होतं, आणि मग शोधात काही रामच उरत नाही. त्यापेक्षा खोक्यावरच्या नावावर भिस्त ठेवा. 'ईझीकॅप' हेच घ्या ना. नाव एक, बाहेरचं प्लास्टिक एक, पण आत कधी सिंटेकची एसटीके११६० चिप, कधी एम्पियाची ईएम२८६०, कधी फुशिकाईची यूटीव्ही००७, तर कधी सोमॅजिकची एसएमआय२०२१. चौघींचे ड्रायव्हर वेगवेगळे. एसटीके११६०चा २०१२ साली ३.७ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे, यूटीव्ही००७चा २०१३ च्या ३.११ पासून, एम्पियाच्या चिपांचा ईएम२८एक्सएक्स तर त्याही आधीपासून. म्हणजे चौघींपैकी तिघींचा ड्रायव्हर तुमच्या यंत्रावर बहुधा आधीच पडून असतो आणि उपकरण लावताच आपोआप चढतो. हे कळलं तर तुम्ही काहीच करणार नाही, म्हणून कळूच देऊ नका. राहिली सोमॅजिक. तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आलाच नाही आणि तिचं फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा प्रोग्राम) विंडोजच्या ड्रायव्हर फाइलमधून उपसून काढावं लागतं. तुमच्याकडे कुठलीही चिप असो, सूचना नेमक्या हिच्याच पाळाव्यात. सगळ्यात लांबलचक त्याच आहेत.

ईएम२८एक्सएक्सवाल्यांना एक जादा सुख मिळतं. बऱ्याच उत्पादकांनी स्वतःचा वेगळा ओळखक्रमांक न घेता एम्पियाचा मूळ क्रमांकच तसाच ठेवलाय. त्यामुळे कर्नल लॉगमध्ये कबूल करतो की या बोर्डाला खास अशी ओळख नाही, आणि 'कार्ड' हा पॅरामीटर देऊन पाहायला सांगतो. तेव्हा यादीतला जो आकडा डोळ्यांना बरा वाटेल तो द्या. आतल्या चिपांवर काय छापलंय ते झाकण उघडून बघणं अरसिकपणाचं आहे.

आता ड्रायव्हर स्वतः कंपाइल करायचा, म्हणजे सोर्स कोडपासून बांधायचा. हे टाळता येत असलं तरी करायचंच. त्यासाठी लागणाऱ्या फाइली, म्हणजे कर्नलचे हेडर्स, बसवू नका. 'बिल्ड' फोल्डर सापडत नाही असा एरर आला की तो फोल्डर हाताने तयार करा, रिकामा. यातूनही एखादं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा) जन्माला आलंच तर सही नसलेला कोड अडवणारं सिक्युअर बूट दारात उभं असतं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. यावर मॉड्यूलवर सही करून ती किल्ली नोंदवण्याची सोय आहे. मोकयूटिल ही कमांड त्यासाठीच आहे. नोंदणीची तयारी करून यंत्र पुन्हा सुरू केलं की एक निळा पडदा येतो आणि कुठलंही बटण दाबा म्हणून दहा सेकंद वाट पाहतो. त्या दहा सेकंदांत पाणी प्यायला उठा. परत येईपर्यंत यंत्र नेहमीसारखं सुरू झालेलं असेल, किल्ली नोंदलेली नसेल, आणि तुम्हाला छातीठोकपणे म्हणता येईल की सगळं करून पाहिलं.

परवानगीचा प्रश्न तर फारच सोपा. उपकरण लिनक्सला ज्या फाइलच्या रूपात दिसतं ती '/डेव्ह/व्हिडिओ०' उघडत नसेल तर त्यावर सरळ ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, मारा. उपकरण काढून पुन्हा लावलं की ही फाइल नव्याने तयार होते आणि तुमचं ७७७ हवेत विरतं, म्हणून दरवेळी पुन्हा मारा. 'व्हिडिओ' गटात स्वतःला घालून एकदा लॉगआउट-लॉगइन केलं की भागतं, असं काही लोक सांगतात. अशा लोकांचा संग टाळावा. तुमच्या उपकरणाची फाइल शून्य क्रमांकाचीच असली पाहिजे, असाही हट्ट धरा. लॅपटॉपचा वेबकॅम आधीच ती जागा अडवून बसलेला असतो, त्यामुळे पडद्यावर कॅसेटच्या जागी तुमचाच त्रासलेला चेहरा दिसेल. वर २०१८ च्या ४.१६ कर्नलपासून यूव्हीसी जातीच्या (वेबकॅमसारख्या प्रमाणित) उपकरणाला चित्राचा एक आणि मेटाडेटाचा (चित्राबद्दलच्या माहितीचा) एक असे दोन नोड, म्हणजे अशा दोन फाइली, मिळू लागले. मेटाडेटाचा नोड उघडून चित्र का येत नाही म्हणून वैतागणं, हा उद्योग एक अख्खी संध्याकाळ पुरतो. 'व्ही४एल२-सीटीएल' या कमांडला उपकरणांची यादी मागितली की कुठला नोड कुणाचा ते कळतं, एवढ्यासाठीच ती मागू नका.

आणि आता माझा सगळ्यात लाडका एरर. स्ट्रीम सुरू करताच कर्नल म्हणतो, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. लगेच फोटो उडवा, डाउनलोड रिकामे करा, मोठी हार्डडिस्क मागवा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! इथे भरलेली असते ती यूएसबीची वाट, डिस्क नव्हे. यूएसबी २.०चा वेग ४८० मेगाबिट, त्यातला जास्तीत जास्त ८० टक्के भाग आधी राखून ठेवायच्या वाहतुकीला मिळतो, म्हणजे ३८४. बरीच स्वस्त उपकरणं गरज असो-नसो, दर मायक्रोफ्रेमला (सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाला) ३०७२ बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे १९७ मेगाबिट, स्वतःसाठी राखून मागतात. अशी दोन उपकरणं एकाच हबवर आली की हिशेब ३९३ वर जातो, आणि दुसऱ्याला जागा नाही म्हणून परत पाठवलं जातं. कर्नलकडे यासाठी वेगळा एरर नाही, मग तो डिस्क भरल्याचाच वापरतो. ही कर्नलची विनोदबुद्धी मला मनापासून आवडते. एक उपकरण दुसऱ्या पोर्टात, तेही वेगळ्या कंट्रोलरवरच्या, लावून पाहणं तुमच्या डोक्यात येईल. ते फोटो उडवून झाल्यावर यावं.

एचडीएमआय घेणाऱ्या डबीवर '४के' लिहिलेलं असतं, त्यावर तर डोळे मिटून विश्वास ठेवा. प्लगच्या आत निळं प्लास्टिक असलं म्हणजे यूएसबी ३.० आलंच. आतली चिप २.०ची निघाली तरी निळा रंग खरा असतो ना? ४के आत घेता येतं याचा अर्थ ४के बाहेर पडतं असाही लावून टाका. मग फॉरमॅटमध्ये कच्चा, म्हणजे न दाबलेला, वायूवायव्ही निवडा, कारण कच्चं ते अस्सल. १९२० बाय १०८०, पिक्सेलला दोन बाइट, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे जवळपास १००० मेगाबिट, आणि मार्ग ४८०चा. उपकरण बिचारं सेकंदाला पाच फ्रेम देऊ लागलं की ड्रायव्हरला शिव्या घाला. प्रत्येक फ्रेम दाबून लहान करणाऱ्या एमजेपेगकडे ढुंकूनही पाहू नका. त्यात ते तीस देतं.

कॅसेटचं चित्र काळं-पांढरं आलं, वर-खाली गरगरलं, तर टेप सडली असं समजून ती फेकून द्या. टेप ६२५ रेषांच्या पॅल या टीव्ही-पद्धतीत असताना सॉफ्टवेअर ५२५ रेषांची एनटीएससी पद्धत धरून बसलंय का, हे बघायला एक कमांड लागते. एवढा वेळ कुणाला आहे? चित्र मुळीच आलं नाही तरी हाच न्याय. पिवळी पिन लावलीय आणि इनपुट एस-व्हिडिओचं निवडलंय, असल्या क्षुल्लक शक्यता हलक्या लोकांसाठी. लॉगमध्ये उणे ७१ किंवा उणे ११० असा एररचा आकडा दिसला तर ती बहुतेक वेळा केबलची किंवा हबची कुरकुर असते. तेव्हा केबल तीच ठेवून ड्रायव्हर बदलावा.

अखेर कर्नल अपडेट होईल आणि तुमचं घरगुती मॉड्यूल 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून बाहेर बसेल. डीकेएमएस वापरला असता तर ते दर अपडेटला आपोआप नव्याने बांधलं गेलं असतं, पण तो वापरू नका हे मी मुद्दाम सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही स्वतःहूनच वापरला नसेल, याची खात्री आहे. मॉड्यूल पुन्हा कंपाइल करा आणि 'अपडेट्स' फोल्डरमध्ये टाका. मॉड्यूल चढवणारा मॉडप्रोब साधारणपणे त्या फोल्डरला पहिला मान देतो, त्यामुळे कर्नलसोबत आलेला चालू स्थितीतला ड्रायव्हर मागे बसून राहील आणि तुमचा तुटका पुढे जाईल.