देव आहे की नाही, हे चहा गार होण्याआधी कसे ठरवावे

एक गोष्ट आधीच पक्की करा. समोरच्याला काय म्हणायचंय ते विचारायचं नाही. विचारलंत की तो सांगायला लागतो, त्यातलं थोडं पटतं, आणि एवढा रंगात आलेला वाद जागच्या जागी मरतो. पाहुणे काय मग हवापाण्यावर बोलायला बोलावलेत?

तर तुम्ही आस्तिक असाल, तर नास्तिक कसा असतो ते पाठ करून ठेवा. त्यानं दोन इंग्रजी पुस्तकं वाचलेली असतात, त्यातलं एक अर्धं. तो आईबापांना वृद्धाश्रमात टाकणार असतो. त्याला कशाचीच भीती नसते, म्हणून तो काहीही करू शकतो. आणि संकट आलं की देवळाकडे पहिला तोच पळतो, म्हणजे तो महाभित्राही असतो. ही दोन वाक्यं एका दमात म्हणायची नाहीत, मध्ये चिवड्याचा एक घास घ्यायचा. तुम्ही नास्तिक असाल, तर आस्तिक हा बुवाच्या पायाचं तीर्थ पिणारा, मांजर आडवं गेलं की रजा टाकणारा, डोकं उंबऱ्याबाहेर ठेवून आलेला इसम आहे असं धरून चाला. तुमची आई रोज पूजा करते आणि दहावीचं बीजगणित तुम्हाला तिनंच शिकवलं, हा विषय अजिबात काढू नका.

पुरावा मागितला तर देव-परलोक काहीच न मानणाऱ्या प्राचीन चार्वाकाकडे जा. कर्ज काढून तूप प्या म्हणणारा तो चंगळखोर! मात्र त्या चार्वाकांची मूळ सूत्रं हरवलेली आहेत, आणि हे तुपाचं वचन आपल्यापर्यंत आलं ते मुख्यतः चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून, म्हणजे थेट विरोधकाच्या घरून, हे सांगत बसू नका. सुनेची माहिती फक्त सासूकडून घ्यावी, तसंच हे. माहिती भरपूर मिळते.

व्याख्येच्या भानगडीत तर पडूच नका. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. त्या हिशेबानं जग निर्माण करणाऱ्या ईश्वरावाचून ज्यांचं अजिबात अडलं नाही ते वेद प्रमाण मानणारे मीमांसक आस्तिक ठरतात, आणि जैन आणि बौद्ध नास्तिक. आता हे गणपतीसमोर मांडी घालून बसलेल्या मंडळींना सांगणार कोण? नास्तिक म्हटलं की डोळ्यांपुढे पेठेतला, चष्म्याआडून हसणारा, निवृत्त प्राध्यापक आला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली, ती माणसं या चित्रात बसत नाहीत. प्यू या अमेरिकी संस्थेनं २०१९-२० मध्ये भारतभर पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के लोक देव मानणारे निघाले, पण बौद्धांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांनी नाही म्हणून सांगितलं. त्यांना कोणी विचारत नाही की बाबारे, कुठलं इंग्रजी पुस्तक वाचलंस? चित्र बिघडतं ना.

दारूगोळ्यात ‘इस्रो’ हवंच. २०२३ च्या जुलैत चंद्रयान-३ ची छोटी प्रतिकृती घेऊन शास्त्रज्ञ तिरुपतीला गेले होते. आस्तिकानं हे दणकून सांगावं, आणि यान उतरवण्यासाठी प्रतिकृतीखेरीज आणखी काय काय लागलं ते सोडून द्यावं. नास्तिकानं याला उत्तर म्हणून २१ सप्टेंबर १९९५ काढावा. त्या दिवशी गणपती दूध प्यायला होता आणि चमच्यातलं दूध मूर्तीकडे ओढणाऱ्या पृष्ठताणाचा नियम देशभर एकदमच शिकवला गेला होता.

(त्या दिवशी मी डोंबिवलीत चौथीत होतो. आमची आजी, जिचा दिवस अथर्वशीर्षाशिवाय उजाडत नसे, तिनं देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा लावला. दूध गेलं. तिनं चष्मा वर करून खाली पाटाकडे पाहिलं, पाटावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “पितोय कसला, सांडतंय.” उरलेल्या दुधाला विरजण लावलं. आजोबा कामगार चळवळीतले, देवळाची पायरी न चढलेले. ते सायकल काढून गेले आणि रात्री नऊला परतले. पाच देवळं बघून आले होते. “तिसऱ्या ठिकाणी जरा गडबड वाटली मला,” एवढंच बोलले. ही हकीकत मी वादात कधीच वापरू शकलेलो नाही. कोणत्या बाजूनं वापरावी तेच कळत नाही.)

जादूटोणाविरोधी कायद्याचा विषय निघाला तर आवाज चढवा. या कायद्यानं वारी बंद होणार, सत्यनारायण घातला तर पोलीस येणार, असं ठोकून द्या. कायदा मात्र वाचू नका. त्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, घरातली पूजाअर्चा यांना हात लावलेला नाही, हे स्पष्ट छापलंय, आणि छापलेलं वाचलं की आवाज उतरतो. तो कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत होते. देवाधर्माला आमचा विरोध नाही, देवाच्या नावावर चाललेल्या लुबाडणुकीला आहे, हेही तितकीच वर्षं सांगत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या त्या माणसाला गोळ्या घातल्या. आठवडा उलटायच्या आत सरकारनं वटहुकूम काढला. इथं तुमचा चहा गार होऊ शकतो, तेव्हा पुढे चला.

दोन्हीकडच्यांना उपयोगी पडेल असं एक हत्यार आहे: तुकाराम. आस्तिकानं विठ्ठलाचे अभंग म्हणावेत, नास्तिकानं भोंदूंवरचे. दुसऱ्याचे अभंग ऐकायचे नाहीत. गाथा चार हजारांच्या वर अभंगांची आहे, दोघांना आयुष्यभर पुरेल.

आणि अगदीच हरायला लागलात तर म्हणा, “देव असला तर फायदा, नसला तर आपलं काय जातंय?” या एका वाक्यात तुम्ही परमेश्वराला मुदत ठेवीची पावती केलेलं असतं, पण ते चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. नास्तिकानं अशा वेळी “मी देव मानत नाही, पण एक शक्ती मानतो” म्हणून पळ काढावा. ही शक्ती नेमकी काय करते, हे विचारायची मराठी माणसाला सवय नाही.

प्रात्यक्षिक बघायचं असेल तर आमच्या काकांकडे या. काका कट्टर नास्तिक. घरच्या गणपतीत आरतीला उभे राहत नाहीत, पण झांजेचा ताल चुकला की आतून ओरडतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. काकूंनी तीन सर्जनांची मतं घेतली, खर्चाच्या तीन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून मधली निवडली, आणि मग टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलल्या. नास्तिकाच्या नावानं नवस लागू होतो का, हे मी विचारणार होतो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसलो.

नवस फेडायला आम्ही तिघं लोकलनं गेलो. मंगळवार, रांग अफाट. काका आत यायचे नाहीतच. ते बाहेर कट्ट्यावर बसले, चपला सांभाळायला. प्रत्येक श्रद्धाळू घराला एक नास्तिक लागतो तो याच कामाला.

दीड तासानं आम्ही बाहेर आलो, तर काका कट्ट्यावर एका तरुणाला समजावून सांगत होते. वरच्यावर बोट नाचवत. विश्वाला कारण लागतं, तर त्या कारणाला कारण का लागू नये? तरुण कपाळाला गंध लावून ताठ उभा होता आणि ‘इस्रो’पर्यंत पोचला होता. काकूंनी पेढा पुढे केला. काकांनी बोलता बोलता तोंडात टाकला.

“साखर कमी आहे याला,” काका म्हणाले.

“सांगून करून घेतलाय. चपला कुठायत माझ्या?”

काकांनी खाली पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या पायात होत्या. माझ्या होत्या. काकूंच्या कोल्हापुरी, मागच्याच महिन्यात घेतलेल्या, नव्हत्या. तरुणानंही वाकून कट्ट्याखाली बघितलं.

“अहो, देवाचं नंतर ठरवा,” काकू डांबरावर एक पाय उचलून उभ्या राहत म्हणाल्या, “आधी रिक्षा बघा.”