क्रूझवरून उतरल्या दिवशी विमान नको, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

क्रूझचा मोसम सुरू झाला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात सांगितलेलं थोडक्यात असं : मुंबई बंदरात उतरणार असाल तर त्याच दिवशीचं परतीचं विमान काढू नका, कारण बंदर ते विमानतळ तीन तास लागतात. जहाजातून उतरायला काही वेळ लागत नाही, खरा वेळ रस्त्यावर जातो. मेट्रो आणि लोकल सामान घेऊन अशक्य. बाहेर टॅक्सीवाले लुटतात, तेव्हा गाडी एजंटकडून आधीच ठरवा. ड्रायव्हरला कोस्टल रोडनेच न्यायला सांगा. आणि त्यापेक्षा बरं म्हणजे रात्र हॉटेलात काढून दुसऱ्या दिवशी निघा.

मी मुंबई बंदराला लागूनच, बॅलार्ड इस्टेटमध्ये नोकरी करते. बंदराच्या ग्रीन गेटमधून ट्रॉलीबॅगा ओढत बाहेर पडणारी कुटुंबं मला मोसमभर दिसतात. नागपूरची, कोल्हापूरची, संभाजीनगरची. कित्येकांनी पहिल्यांदाच समुद्रावर चार दिवस काढलेले असतात, आणि शेवटचा दिवस या मेसेजच्या धास्तीत जातो. वर गाडी आणि हॉटेलाचे पैसे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

"विमानतळापर्यंत तीन तास लागतात"

क्रूझ जिथे लागतात तो बॅलार्ड पिअरचा धक्का ते विमानतळाचं सहारचं टर्मिनल २ हे अंतर साधारण पंचवीस किलोमीटर आहे. एवढ्याला तीन तास लागतात, नाही असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी लागू शकतात, विसर्जनाच्या दिवशी लागतात, कुर्ल्याला पाणी भरलं तर त्याहून जास्त. पण क्रूझचं जहाज बहुतेक वेळा सकाळी धक्क्याला लागतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने इथेच घोळ घातलाय.

मुंबईची सकाळची गर्दी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते. ठाणे, मुलुंड, बोरिवली, सगळे फोर्टकडे, म्हणजे बंदराजवळच्या ऑफिसांच्या भागाकडे येत असतात आणि संध्याकाळी परत जातात. जहाजातून उतरलेला माणूस सकाळी फोर्टमधून उत्तरेला निघतो, म्हणजे गर्दीच्या उलट. ऑरेंज गेटजवळ पी. डिमेलो रोडवरून ईस्टर्न फ्रीवेवर चढलात की चेंबूरपर्यंत सिग्नल नाही. शेजारच्या लेनवर फोर्टकडे येणाऱ्या गाड्या खोळंबलेल्या असतात आणि तुमची बाजू वाहती असते. अडकायला होतं ते पुढे, चेंबूर सोडल्यावर. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, कुर्ला, वाकोला, अंधेरी हा पट्टा आता स्वतःच ऑफिसांचा झालाय, तिथे सकाळीही गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. हे सगळं धरून सकाळी दहा-साडेदहाला निघालात तर एक ते दीड तास मोजा. संध्याकाळी पाचनंतर निघणार असाल तर मात्र मेसेजमधला आकडा खरा मानून चाला, किंवा रस्त्याचा नादच सोडा आणि मेट्रोचा मुद्दा वाचा.

"जहाजातून उतरायला काही वेळ लागत नाही"

या एका वाक्याने जितकी विमानं चुकत असतील तितकी रस्त्यामुळे चुकत नसतील, असं माझं स्पष्ट मत आहे. जहाज धक्क्याला लागलं म्हणजे तुम्ही बाहेर पडलात असं होत नाही. दोर बांधले जातात, शिडी लागते, परवानगी मिळते, मग मजल्यानुसार किंवा गटानुसार नावं पुकारली जातात. आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवलेल्या मोठ्या बॅगा आधी टर्मिनलमध्ये पोचतात आणि तिथे शेकडो सारख्या दिसणाऱ्या काळ्या-निळ्या बॅगांतून आपली शोधायची असते. परदेशातून आलेलं जहाज असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम्सची रांग वेगळी. मुंबई ते गोवा किंवा लक्षद्वीप अशी देशांतली फेरी असेल तर इमिग्रेशन नसतं, पण बाकी सगळं असतंच.

बॅलार्ड पिअरचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनची ७२ काउंटर आहेत, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय आहे. जुन्या टर्मिनलपेक्षा ही फार मोठी सुधारणा आहे आणि त्याचं कौतुक करायलाच हवं. पण काउंटर कितीही वाढले तरी हजार-दीड हजार माणसं एकाच जहाजातून एका सकाळी उतरणार, आणि शिडी उतरणारी रांग एकामागून एकच चालणार.

हिशेब असा करा. जहाज आठला लागणार असेल तर गेटबाहेर पडायला दहा-साडेदहा धरा. पुढे रस्त्याचा दीड तास, म्हणजे बारा. देशांतर्गत विमानाचं बॅग घेणारं काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, तेव्हा दोन तास हाताशी ठेवायचे. म्हणजे दुपारी दोननंतरचं विमान बिनघोर काढा. अकरा-बाराचं काढू नका, तेवढ्यापुरता तो मेसेज बरोबर आहे, फक्त कारण चुकीचं देतो. परदेशी विमान असेल तर आणखी दोन तास पुढे सरका. आणि जमत असेल तर आदल्या रात्री बॅग बाहेर ठेवूच नका. जहाजावरच्या काउंटरवर विचारा, आपलं सामान आपण उचलून नेणाऱ्यांना बऱ्याचदा आधी सोडतात. बॅगांच्या ढिगातला अर्धा-पाऊण तास तिथेच वाचतो.

"मेट्रो-लोकल सामानासह अशक्य"

हे वाक्य जुनं असेल तर समजू शकते. ९ ऑक्टोबर २०२५ पासून ते खोटं आहे. त्या दिवशी मेट्रो ३, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, कफ परेडपर्यंत लोकांसाठी खुली झाली. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातलं एक सोडून सगळी जमिनीखाली. फोर्टात तिची दोन स्थानकं बंदराच्या जवळ आहेत, हुतात्मा चौक आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), आणि पलीकडच्या टोकाला विमानतळाच्या टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ची स्वतंत्र स्थानकं. गाडी बदलायची नाही, पूल चढायचा नाही. पाऊण तासाच्या आसपास तुम्ही सहारला असता, वर रस्त्यावर काहीही चालू असो. पूर्ण मार्गाचं तिकीटच ७० रुपये आहे, म्हणजे दोघांचं दीडशेच्या आत भागतं.

गेल्या मोसमात गेटसमोर नागपूरचं एक निवृत्त जोडपं भेटलं. दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी, काकूंच्या गुडघ्याला पट्टा. विमान संध्याकाळचं आणि हातात मेसेज. काका म्हणाले, "मॅडम, मेट्रोत बॅगा घेऊ देतात का?" घेऊ देतात. स्टेशनवर बॅग एक्स-रे मशीनमधून जाते. त्यांना टॅक्सीने सीएसएमटीला सोडलं आणि लिफ्टचं दार दाखवलं. हे दार आधी विचारून घेणं महत्त्वाचं, कारण स्टेशनात उतरायच्या प्रत्येक वाटेला लिफ्ट नसते, आणि भुयारी मार्गाच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस किलोची बॅग उतरवणं हे साठीच्या माणसाचं काम नव्हे. खाली डब्यात दाराशेजारी बॅग उभी करून ते दोघं बसून गेले. काकांनी टर्मिनलवरून फोन केला तेव्हा आधी मेट्रोबद्दलच बोलले.

दोन अडचणी आहेत, त्या लपवत नाही. ग्रीन गेट ते सीएसएमटी एक-दीड किलोमीटर आहे. हलक्या बॅगेनिशी जीपीओवरून (मुख्य पोस्टावरून) चालत जाता येतं, जड असेल तर टॅक्सी लागते, आणि इतकं जवळचं भाडं कित्येक टॅक्सीवाले नाकारतात. नाकारणं नियमाला धरून नाही, पण नडत बसू नका, पुढच्या गाडीला हात करा. दुसरं, विमानतळाच्या स्थानकांतून वर आल्यावर थोडं चालावं लागतं. व्हीलचेअर लागणारं माणूस बरोबर असेल किंवा माणशी दोन बॅगा असतील तर सरळ दारापर्यंत टॅक्सीच करा.

लोकलबद्दल थोडक्यात. सीएसएमटीहून हार्बर लाइनची अंधेरी किंवा गोरेगाव गाडी सुटते. सकाळी तिथे बसायला जागा मिळते, विलेपार्ल्याला उतरून रिक्षाने टर्मिनल १ जवळ आहे. एकट्यादुकट्या तरुणाला उत्तम. पण रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवलेली वाहतूक) बघितल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका, आणि क्रूझ कितीदा तरी रविवारीच परततात.

राहून राहून एक गोष्ट मनात येते. याच बॅलार्ड पिअरला एकेकाळी धक्क्यालगत रेल्वेचं स्टेशन होतं. १९१२ साली सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे पुढची पंजाब मेल, तिथून बोटीची टपाल आणि प्रवासी घेऊन थेट पेशावरकडे निघायची. बोटीतून उतरलेल्या माणसाची पुढची सोय धक्क्यावरच लागलेली असे. मेट्रो धक्क्यापर्यंत आलेली नाही, पण थेट विमानतळाला जाणारी गाडी आता इतक्या जवळ आलीय. लोकांना त्याची माहिती मिळायला हवी, भीती नव्हे.

"टॅक्सीवाले लुटतात, एजंटकडून गाडी घ्या"

मीटरचे दर जाहीर असतात. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये. पंचवीस किलोमीटर धरले तर ५१६ रुपये होतात. सिग्नलला थांबण्याचे आणि सामानाचे थोडे वर धरा, सहाशे-साडेसहाशेत काम होतं. आता एजंटने सांगितलेला आकडा यासमोर ठेवून बघा. मला लोकांनी दाखवलेल्या पावत्यांवर याच्या तिप्पट-चौपट रक्कम असते.

फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाही. गेटच्या तोंडाशी "एअरपोर्ट, एअरपोर्ट" करत अंगावर येणारा माणूस सहसा ड्रायव्हर नसतो, मधला असतो. त्याला ओलांडून शंभर पावलं बॅलार्ड इस्टेटच्या आत चला आणि चालती टॅक्सी थांबवा. मीटर टाकायला सांगा, टाकला तरच बसा. अ‍ॅपवरची गाडी मागवायची तर तीही इथूनच, कारण गेटसमोर एकाच वेळी शंभर जण बुकिंग करतात आणि भाडं चढतं.

सामानाचं मात्र आधी बघून घ्या. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, उरलेल्या जागेत एक मोठी बॅग जेमतेम बसते. दुसरी टपावरच्या कॅरिअरवर जाते. दोरी आहे का विचारा आणि बांधलेली हलवून बघा, फ्रीवेवर वारा जोरात असतो. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर मोठी गाडीच हवी, तिथे आधी ठरवलेली गाडी योग्य. रिक्षा शोधू नका, शीव-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत.

"कोस्टल रोडनेच न्यायला सांगा"

कोस्टल रोड सुंदर आहे आणि वांद्रे-वरळी सी लिंकला जोडल्यापासून वांद्र्यापर्यंत वेळ खरोखर वाचतो. पण तो सुरू होतो मरीन ड्राइव्हला, मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर. तुम्ही उतरलात पूर्व किनाऱ्यावर. मधलं सगळं फोर्ट, सीएसएमटी, मेट्रो सिनेमाचा चौक ऐन ऑफिसच्या वेळी ओलांडायचा. ही अडचण इतकी खरी आहे की ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह असा नऊ किलोमीटरहून लांब, बराचसा बोगद्यातून जाणारा रस्ता बांधायचं काम चालू आहे. तोवर सहारला जायचं तर फ्रीवे, आणि टर्मिनल १ ला जायचं असेल तर दोन्ही पर्याय नकाशावर बघून ठरवा. सी लिंकचा टोल १०० रुपये आहे, तो मीटरवर वेगळा. आणि डिमेलो रोडवर काम चालू असल्याने फ्रीवेवर चढेपर्यंत थोडं रखडायला होतं, तेही हिशेबात धरा.

"रात्र हॉटेलात काढा"

आवडीने राहायचं तर जरूर राहा, मुंबई बघा. विमान चुकेल या भीतीने राहू नका. संध्याकाळचं विमान असलं तर बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलात बेरी पुलाव खाऊन निघालात तरी वेळ उरतो.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट

मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिकिटावर बीओएम (BOM, जुन्या विमानतळाचा कोड) असेल तर वर लिहिलेलं सगळं लागू. एनएमआय (NMI, नवी मुंबईचा) असेल तर मेट्रो ३ विसरा, ती तिकडे जात नाही. बंदरावरून रस्ता असा : फ्रीवेने शिवडी, तिथून खाडीवरचा अटल सेतू, मग उलवे, जिथे हा विमानतळ आहे. किलोमीटर सहारपेक्षा जास्त आणि टोलही आहे, पण कुर्ला-अंधेरीची कोंडी वाटेत येत नाही. परतीसाठी टॅक्सीवाला रिकामं येण्याचे पैसे मागण्याची शक्यता असते, म्हणून इथे अ‍ॅपवर आधी भाडं बघून घेतलेलं चांगलं.

आणि टॅक्सीत बसताना नुसतं "एअरपोर्ट" म्हणू नका. टर्मिनल २ असेल तर सहार म्हणा, टर्मिनल १ असेल तर सांताक्रूझ, आणि उलव्याला जायचं तर "नवी मुंबई, अटल सेतूने" असं पूर्ण सांगा.